चिऊच्या घरट्यातली मीरा

अगो, आमच्या दोन वर्षांच्या मीराचं चिऊच्या बडबडगीतावर फोटोशूट ठरवलं, भाट्याच्या किनाऱ्यावर. काथ्याचं घरटं, पाठीला पंख. पण घरट्यात बसवताच तिने भोकाड पसरलं. गाणं म्हणून रमवावं, तर मला आणि फोटोग्राफरला दोन ओळींपुढे काही आठवेना.

तेवढ्यात सासरे पुढे झाले. अख्खं आयुष्य बोटीवर गेलेला माणूस! त्यांनी हातवारे करत सगळं गाणं म्हटलं. मीरा खुदकन हसली, फोटो झाले.

मी विचारलं, “बाबा, तुम्हाला हे कसं येतं?”

“विनय लहानपणी म्हणायचा. तुझ्या सासूने त्याचं गाणं कॅसेटवर भरून मला बोटीवर पाठवलेलं.” मग शेजारी उभ्या विनयकडे, माझ्या नवऱ्याकडे, बघत म्हणाले, “घरी आलो की हा मला ओळखायचा नाही. मला मात्र ह्याचा आवाज पाठ होता.”