दिव्यावर चिकटवलेला गणपती

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. पखवाजवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. देवाला हाक मारून झाली, आता माणसांकडे वळू. गोष्टीआधी एक प्रश्न टाकतो. उत्तराची घाई करू नका, फसाल! कुणीतरी सारखं सांगतंय की काहीतरी बिघडलंय. मग बिघाड शोधायचा, की सांगणाऱ्याचं तोंड दाबायचं?

'बिघाड शोधायचा' म्हणे! पुढच्या रांगेत सगळे शहाणेच बसलेत. बरं, ऐका तर मग.

आख्यान मोटारीचं आहे. हसताय काय? देवांनाही वाहनं आहेतच की. नंदी आहे, उंदीर आहे, मोर आहे — त्यांना सायलेन्सर नाही, एवढाच फरक.

आमच्या कराडकडं बोरखिंड म्हणून गाव आहे. तिथं सर्जेराव मोहिते होते, दूध डेअरीचे सेक्रेटरी. त्यांच्याकडं एक जुनी जीप होती. काय तिचा आवाज, मंडळी! डग-डग, डग-डग... मधेच एक ठोका चुकायचा, की पुन्हा डग-डग. त्या काळी आवाजावरनं माणूस कळायचा. विहिरीवरचं इंजिन पुकपुकलं की कुणाच्या उसाला पाणी चाललंय ते सांगता यायचं. गिरणीचा पट्टा फटफटला की बायका डबे घेऊन निघायच्या. आता सगळंच गुपचूप झालंय. फार आठवण येते हो त्या आवाजांची. खोटं कशाला सांगू?

तर संध्याकाळी जीप खिंडीच्या वळणावर आली, की सर्जेरावांच्या घरी इंदुताई बंबात जाळ घालायच्या. वळणापासून दारापर्यंत जीप यायची, तोवर पाणी कोमट. कधी घड्याळ बघितलं नाही त्या बाईनं.

पुढं सर्जेराव गेले. जीप भंगारात गेली. मुलगा उदय, साखर कारखान्यात नोकरीला. गुणी पोरगा. त्यानं नवी गाडी घेतली. पण इंदुताईंचं जेवण तुटलं. बोलणं तुटलं. संध्याकाळ झाली की उंबऱ्यात बसायच्या आणि खिंडीकडं कान लावायच्या. उदयला वाटलं, आई अजून आबांच्या जीपची वाट बघते. लेकरूच ते, काळीज हललं. त्यानं मनाशी ठरवलं, आपल्या गाडीला आबांच्या जीपचा आवाज द्यायचा. आई एकदा हसली पाहिजे, पोटभर जेवली पाहिजे.

हेतू किती गोड! पण मंडळी, हेतू गोड असला म्हणून काम नीट होतंच असं नाही. साखर चांगली असली तरी चहा नासतोच ना?

उदय गेला मोठ्या शहरात. तिथल्या एका दुकानदारानं गाडीखालचा मधला डबा, म्हणजे धूर गाळणारा डबा, सरळ काढून टाकला, त्या जागी नुसती नळी जोडली आणि मागं मोठा सायलेन्सर लावला. गाडी जी गरजली! कुत्री पळाली, पोलिसानं मान वळवली. पण दहा किलोमीटर गेला नाही, तोच समोरच्या मीटरच्या काचेत पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा. ठाऊक आहे ना तुम्हाला?

उदयनं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, त्यात काही नाही, लागू द्या, दुर्लक्ष करा. पण दिवा डोळ्यांत खुपणार, आणि आई शेजारी बसली की विचारणार. मग या भाविक पोरानं काय केलं असेल? सांगा बघू.

देवळाबाहेर मिळतो तसला गणपतीचा छोटा स्टिकर आणला आणि बरोब्बर त्या दिव्यावर चिकटवला! वर हात जोडले. विघ्नहर्त्याला विघ्नाच्या खबरीवर झाकण करून बसवला. हे आपल्यालाच सुचतं बरं का मंडळी, दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, आईला देवीची ओटी भरायला घेऊन निघाला. ऊन होतं, काचा बंद. घाट चढताना आई म्हणाली, डोकं जड झालंय रे. उदयला वाटलं, उपास आहे, घाट लागला असेल. देवळाच्या पायरीशी गाडी थांबवली, तर माउलीची मान कलंडलेली! ओठ पांढरे. ओटीचा नारळ हातातनं सुटून पायाशी. लोकांनी दारं उघडली, सावलीत निजवलं, वारा घातला, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, धुराचा गॅस गेलाय अंगात, वेळेवर मोकळ्या हवेत आणलंत म्हणून वाचल्या. नव्या नळीचा सांधा सैल होता. धूर गळत होता आणि तळातल्या फटीतनं आत येत होता. आई दोन दिवसांनी घरी आली. उदयच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते काही परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काचा उघड्या टाकून, गाडी हळूहळू हाकत तो कराडात दस्तगीर मिस्त्रींकडं आला. मी तिथंच बाकावर बसलो होतो — आमच्या पेटीतबल्याच्या गाडीचा क्लच गेलेला. दस्तगीरचाचांना सगळा तालुका ओळखतो. सर्जेरावांच्या जीपवर वीस वर्षं त्यांचाच हात. उदयनं मान खाली घालून सगळं सांगितलं. चाचा आत बसले, मीटरवरचा गणपती बघितला. मग म्हणाले, "उदय, आधी हात धुऊन ये. ह्यो तूच काढ. माझं हात तेलाचं हाईत."

उदयनं हात धुतले, स्टिकर सोडवला, वर गाडीच्या मधोमध, मानाच्या जागी लावला. खाली पिवळा दिवा जळतच होता.

चाचा मला समजावून सांगायला लागले. डब्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक, अशी दोन नाकं असतात म्हणे गाडीला. दोन्ही धूर हुंगतात. मागच्या नाकाला धूर गाळलेला वाटला नाही, की ते वर चहाडी करतं आणि दिवा लागतो. उदयनं भीतभीत विचारलं, शहरात म्हणाले होते की त्या मागच्या नाकाला छोटी नळी लावून धुरापासून लांब उचललं, तर दिवा विझतो, तसं करता येईल का? चाचा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "येतं की. पण मग आईला पुन्यांदा त्या गाडीत बसवशील का?"

उदय रडला, मंडळी. गॅरेजात, चार माणसांत.

काढलेला डबा नशिबानं डिकीत गोणपाटात होता. चाचांनी तो जागेवर बसवला. दोन्ही नाकं जिथल्या तिथं. सांध्यांना नव्या वायसर, आणि साबणाचं पाणी सोडून बघितलं, कुठं बुडबुडा येतोय का. डब्याच्या पुढचं काही बदललं नाही. बदलला फक्त शेवटचा सायलेन्सर, थोडा मोठ्या पोटाचा. तीन लावून बघितले. डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. मोठ्यानं वाजणारा तर त्यांनी फेकूनच दिला. गावात लहान पोरं निजतात, म्हातारी माणसं असतात, म्हणाले. तिसऱ्याला म्हणाले, "जीप न्हाई व्हायची ही. पण खर्ज आलाय बघ."

मग गाडी तीन-चार वेळा लांब हिंडवून आणली आणि पुन्हा चावी फिरवली. पिवळा दिवा लागला! उदय दचकला. चाचा म्हणाले, चावीला एकदा लागलाच पाहिजे, म्हणजे तो जिवंत आहे. इंजिन सुरू झालं. आम्ही तिघं टक लावून बसलो... आणि दिवा विझला. आपणहून विझला. कुणी झाकला नव्हता, कुणी फसवला नव्हता. तक्रारच उरली नव्हती.

उदय म्हणाला, बुवा, तुम्ही चला, मला एकट्याला धीर होत नाही. गेलो. दिवस कलला होता. खिंडीच्या वळणावर गाडीनं खालचा सूर धरला, आणि खरं सांगतो, माझ्याच अंगावर काटा आला. क्षणभर वाटलं, सर्जेरावच चाललेत. दारात गाडी थांबली. उंबऱ्यात इंदुताई. उदय पायाशी बसला आणि म्हणाला, "आई, आबांच्या जीपसारखा आवाज केलाय. तू वाट बघतीस ना रोज."

त्या माउलीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "त्यांची कशाला वाट बघू? ते गेलं, ह्या हातांनी पाठवणी केली. मी कान लावती ते तुझ्यासाठी. तुझी गाडी पैल्यापासनं मांजरावानी येती रं. तू आलास का कुटं पडलास, काय कळत न्हाई. जीव टांगणीला लागतो. घास उतरत न्हाई."

ऐकलंत? तीन वर्षं ती उंबऱ्यात बसली होती आणि लेकानं एकदाही विचारलं नव्हतं — आई, तू कशाला बसतेस? त्यानं स्वतःच उत्तर ठरवलं, शहरात गेला, पैसे घातले, आणि तिलाच धुरात घातली. एक प्रश्न, मंडळी! एक प्रश्न विचारायला काय पडत होतं?

तुम्ही उदयला हसलात. मीही हसलो होतो. पण तुमच्या घरी कुणी महिनाभर म्हणतंय का, छातीत चमकतं? सून ताटावरनं उठून जाते का? पोरगा दार लावून घेतो का? आणि तुम्ही काय म्हणता — 'नंतर बघू, आत्ता कीर्तनाला उशीर होतोय.' म्हणजे मीच की तो तुमचा स्टिकर! देवाचं नाव घेऊन घरच्या माणसाला झाकणारे आपण.

आता गजर करायचाय. पण ज्याला निघताना कुणीतरी काही सांगू बघत होतं आणि जो न ऐकता इथं आलाय, त्यानं आत्ता उठावं. देव रागावणार नाही, मीही रागावणार नाही. पेटी थांबवा. थांबतो मी.

...या, अण्णा. लाजू नका. वाट द्या रे त्यांना. चपला नंतर शोधा, माझ्या घालून जा.