चर्चमागची बालवाडी

मी मूळची इथली न्हाई, बीडकडची. लग्न झालं आन् मालकाबरोबर खडी फोडायला इकडं आले, हिंजवडीच्या पुढं, आता जिथं त्या काचेच्या बिल्डिंगी हायत आन् कंपनीच्या बसा रांग लावून उभ्या असतात ना, तिथं तवा नुसता माळ व्हता, माळाच्या कडंला दगडाची खाण आन् खाणीच्या वरच्या अंगाला आमच्या खोपी. माझं नाव सुमन कांबळे, पण ते नाव आता कुणाला ठावं न्हाई, सगळे बाईच म्हणतात, शाळेतली बाई. मी स्वतः शाळेत गेले ती चौथीपर्यंत, हसा तुम्ही, मलाबी हसू येतं.

काय सांगू तुम्हाला, खाणीवर लेकरू घेऊन काम करायचं म्हणजे काय असतं. माझी लता रांगायला लागली व्हती. तिच्या पायाला लुगड्याची चिंधी बांधायची आन् तिचं दुसरं टोक बाभळीला. सगळ्याच बाया तसं करायच्या, न्हाईतर पोरगं सरकत सरकत खाणीच्या कडंला जायचं. दुपारी पाजायला गेलं की तोंडावर पांढरी धूळ, नुसते डोळे दिसायचे, आपलीच पोर वळखू यायची न्हाई.

गावात एक लहानसं चर्च व्हतं, पत्र्याचं. ख्रिस्ती घरं थोडीच, नगरकडून आलेली, गरीबच. त्यांची प्रार्थना घेणाऱ्या पाळकांची बायको, पाळकीणबाई म्हणायचे त्यांना, त्या एक दिवस खाणीवर आल्या. कशाला आल्या त्या, मी कधी इचारलं न्हाई. बाभळीपाशी उभ्या राहिल्या, लताला बघितलं. मला वाटलं आता ह्या बोलणार, कसली आई गं तू. त्या तर खाली बसल्या, गाठ सोडली, पोरीला मांडीवर घेतली, पदरानं तोंड पुसलं आन् मला म्हणल्या, उद्यापास्नं हिला माझ्याकडं सोडत जा, चर्चच्या मागं एक खोली हाय. मी म्हणलं, बाई, आम्ही जयभीमवाले, आम्हाला बाटायचं न्हाई. तर म्हणल्या, मला तरी कुठं बाटवायचंय, मला तिला नुसतं फिरू द्यायचंय.

अशी सुरू झाली बालवाडी. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी कुणी सतरंजी दिली, कुणी पाट्या, कुणी स्टोव्ह. दुपारी खिचडी. खाणीवरची सगळी पोरं आली. मग गावातली माणसं कुजबुजायला लागली, की हे बाटवायचं काम हाय, बंद पाडा. सरपंचाची आई व्हती, आक्का म्हणायचे, लई कडक बाई, ती म्हणली थांबा, मी सोता बघून येते. आली आन् सकाळपास्नं मागच्या भिंतीला पाठ लावून बसली. जेवायच्या आधी पाळकीणबाई पोरांना डोळे मिटायला लावायच्या, त्या दिवशीबी लावले, आन् रोजच्यासारखंच म्हणल्या, ज्यानं त्यानं आपापल्या देवाला सांगा जेवण मिळालं म्हणून, आन् ज्याला देव न्हाई त्यानं आईला सांगा. आक्का उठली, लुगडं झटकलं, आन् म्हणली, आमच्या नातवाला उद्या धाडते, घरात लई उच्छाद मांडतो. एवढंच. त्यानंतर गावात कुणी तोंड उघडलं न्हाई.

मग आमचे मालक गेले. खडीच्या धुळीनं छाती भरली व्हती त्यांची, रात्रंदिवस खोकला, शेवटी शेवटी दोन पावलं टाकली तरी बसायचे. मी घरात कोपऱ्याला बसले ते उठेना. पाळकीणबाई आल्या, म्हणल्या, रड, रडायचं तेवढं रड, पण खिचडी कोण ढवळणार, माझा हात दुखतो. हात बित काही दुखत नव्हता त्यांचा. मी गेले ढवळायला, ती तिथंच राहिले. पुढं त्यांनीच मला पुण्याला कसब्यात एका शाळेत शिकायला धाडलं, बालवाडीची बाई कशी व्हायची ते. मी, खडी फोडणारी, बाई झाले. माझी लता तिथंच अक्षर शिकली, आज ती नर्स हाय, सुरतेला दिली.

एका पावसाळ्यात पाळकीणबाईंना ताप आला आन् चार दिवसांत गेल्या. काही सांगून जायलाबी सवड मिळाली न्हाई. मला अजून वाटतं, त्यांनी काहीतरी सांगायला पाहिजे व्हतं, पुढं काय करायचं ते.

बालवाडी मी चालवत राहिले, पण पुढं सगळं पालटलं. खाण बंद झाली, जमिनी गेल्या, गावची पोरं व्हॅनमधनं इंग्लिश नर्सरीला जायला लागली. आक्काच्या नातवाची पोरगी मला रस्त्यात भेटली की गुड मॉर्निंग आंटी म्हणते, गोड हाय पोर. मग माझ्याकडं यायची ती बिल्डिंगवर काम करणाऱ्यांची पोरं, कुणी बिहारचं, कुणी ओरिसाचं. चर्चची माणसंबी घरं घेऊन लांब लांब गेली. रस्ता रुंद झाला त्यात चर्चचं अंगण गेलं, खोलीची भिंत उघडी पडली. एका रविवारी चर्चच्या पंचांनी मला बोलावलं. चांगली माणसं हायत, वाईट बोलणार न्हाई मी. म्हणले, बाई, छप्पर कधी पडंल सांगता येत न्हाई, मंडळीत माणूस उरलं न्हाई, आम्ही कशी चालवायची. माझ्यासाठी प्रार्थना केली, शाल दिली, भर उन्हाळ्यात.

बालवाडी बंद झाली तशी त्या बाया पोरांना पत्र्याच्या खोलीत घालून बाहेरनं कुलूप लावायला लागल्या. दुसरं काय करतील. गुडिया नावाची पोरगी, तीन वर्षांची, तिच्या खोलीवरनं जाताना आतनं चमच्यानं पत्रा वाजवल्याचा आवाज यायचा. मी फटीतनं बिस्कीट सरकवायची, गुडिया गुडिया म्हणायची, ती आतनं हसायची. वैशाखातल्या एका दुपारी मी हाक मारली, तर आवाज न्हाई. परत मारली. फटीला हात लावला तर पत्रा भाजत व्हता. मी दगड घेतला आन् कुलपावर घालत सुटले, अहो, इतक्या वर्षांनी दगड हातात घेतला, पण हात विसरले नव्हते. पोरगी आत पडलेली, मान टाकलेली, ओठ सुकलेले. तिला घेऊन रस्त्यावर आले तर गाड्यांवर गाड्या, कुणी थांबंना. शेवटी गळ्यात कंपनीचं कार्ड घातलेली एक पोरगी गाडीतनं उतरली आन् तिनं आम्हाला दवाखान्यात नेलं. गुडिया वाचली.

तिची आई सिमेंटचे हात तसेच घेऊन पळत आली. मी तिच्यावर ओरडले, कोंडतात का गं लेकराला असं. ती म्हणली, अम्मा, और कहाँ रखूँ?

पोरगी दवाखान्यातनं सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर गुडिया माझ्या उंबऱ्यावर बसलेली. मग आणखी एक आलं, मग आणखी. आता माझ्या ह्या खोलीत पाय ठेवायला जागा न्हाई, बघताय न्हवं. आन् आता चाळीचा मालक म्हणतो दिवाळीनंतर खोली खाली करा, चाळ पाडायचीय, टॉवर व्हणार. लता रोज फोन करते, आई, गुडघे गेले तुझे, इकडं ये. जाईन की. पण ह्यांचं काय? मी रात्री इचार करते, पहाटेपर्यंत करते, काही सुचत न्हाई. चर्चमध्ये जाऊन आले, विहारात जाऊन आले, गावात दारोदार फिरले. सगळे पाणी देतात, बसा म्हणतात.

तुम्ही लिहिणारी माणसं, तुमची वळख असते. कुठं एखादी खोली असंल तर सांगा. माझ्यासाठी न्हाई, ह्या पोरांपुरती, दिवसाची. वर पत्रा असला तरी चालंल, खिडकी तेवढी पाहिजे. मिळाली तर तुमचं भलं होवो. न्हाई मिळाली तरी होवो, तुम्ही एवढा वेळ बसलात.