मौनाच्या दिवशी चॅपलच्या माळ्यावर सापडलेल्या मुलीबाबत

मी, खाली सही करणारी, वय ५७ वर्षे, व्यवसाय शिक्षिका (गणित), नेमणूक सिस्टरांची मुलींची खाजगी शाळा, राहणार शाळेच्या आवारातच, शिक्षिकांच्या निवासातली मागची खोली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, माझी उभी हयात या शाळेत गेली आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. त्यानंतरही खोलीत राहू द्यावे असा माझा अर्ज मुख्याध्यापिकांकडे, म्हणजे मोठ्या सिस्टरांकडे पडून आहे. हे आपण विचारलेले नाही, पण पुढचे ऐकण्याआधी माहीत असलेले बरे.

शाळेत वर्षातून एक दिवस मौनाचा असतो. सकाळच्या प्रार्थनेपासून दुपारी चारच्या घंटेपर्यंत कोणी अवाक्षर काढायचे नाही. ही घंटा चॅपलची, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराची, आणि दोरीने वाजवायची. ती वाजली की मौन सुटते, तोवर हाताची घडी, तोंडावर बोट. एवढ्या मुली दिवसभर गप्प म्हणजे आम्हा शिक्षिकांना पगारी विश्रांतीच, त्यामुळे या प्रथेबद्दल आजवर माझी तक्रार नव्हती.

मोठ्या सिस्टरांची त्या दिवशी एक सवय आहे. त्या आडून येतात आणि एखादीचे नाव एकदम मोठ्याने घेतात. मुलगी सवयीने "येस सिस्टर" म्हणाली की नापास.

सदर मुलगी नववीत आहे. शाळेत तिला रेडिओ म्हणतात. का, ते तिला पाच मिनिटे वर्गात बसवल्यास कळेल. फळ्याकडे पाठ फिरवली की हिचे सुरू. माझ्या गुडघ्यांची चौकशी, माझ्या नव्या चष्म्यावर शेरा, मागच्या बाकावरच्या भांडणाचा निवाडा. मी तिला वैतागून पुष्कळदा वर्गाबाहेर काढले आहे. बाहेर ती शिपाईमामांशी बोलत असे.

गेल्या वर्षी मोठ्या सिस्टरांनी तिचे नाव घेतले आणि ती "येस सिस्टर, काय झालं?" असे दोन्ही म्हणाली. तेव्हा तिच्या वडिलांना बोलावून घेतले. ते वायरमन आहेत, कामावरून तसेच आले होते. मोठ्या सिस्टर त्यांना माझ्यासमोर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मौनात हिच्या तोंडून एक शब्द जरी निघाला, तर दहावीला दुसरी शाळा बघा." वडील फक्त "हो, हो" म्हणत राहिले. मुलगी तेव्हाही काहीतरी बोलायला गेली, पण वडिलांनी तिचा हात दाबला.

यंदा घंटेचे काम मी तिला दिले. हाताला काम असले की जिभेला आराम पडेल, एवढाच माझा विचार होता. दिवसभर ती खरोखर गप्प होती. जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. गुडघा बरा आहे अशी मी मान हलवली.

चार वाजले तरी घंटा झाली नाही. शिपाईमामांनी दोरी ओढून पाहिली, ती वर कुठेतरी अडकली होती. शेवटी मोठ्या सिस्टरांनी हातानेच खूण करून शाळा सोडली. घंटेवाली कुठे आहे, हे तेव्हा कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, मला खोलीवर जाऊन पाय वर करून पडायचे होते.

थोड्या वेळाने वडील न्यायला आले आणि मुलगी कुठे मिळेना. मग वर्ग, स्वच्छतागृह, मैदान सगळीकडे शोधाशोध झाली. चॅपलमध्ये उभ्या राहून मोठ्या सिस्टरांनी तिचे नाव तीनदा मोठ्याने घेतले. उत्तर आले नाही. आम्ही बाहेर पडतो न पडतो तोच आत काहीतरी धपकन पडले. पाहतो तर पुढच्या बाकावर शाळेचा एक काळा बूट. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बघितलंत? लपून बसलीये आणि वर मस्करी करतेय." मी वर पाहिले, कारण बूट बाजूने येत नाहीत.

माळ्याच्या जिन्याची वरची फळी मोडलेली होती. मुलगी पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. दोरी वर तुळईत अडकली म्हणून ती सोडवायला गेली आणि फळीतून पाय आत गेला. घोटा सुजून टम्म झाला होता. मी ओरडले, "अगं कार्टे, आम्ही घसा फोडतोय, ओ द्यायला काय झालं?" तिने तोंडावर बोट ठेवले आणि दोरीकडे दाखवले. घंटा झाली नव्हती. खालून तिला हाक मारत होत्या त्या मोठ्या सिस्टर, आणि त्यांच्या हाकेला ओ दिली तर काय होते हे तिला ठाऊक होते.

मी दोरी सोडवून ओढली. घंटा वाजली. तेव्हा ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "बाई, पाय खूप दुखतोय. पण मी पास झाले ना?" मोठ्या सिस्टर माझ्यामागे जिन्यात उभ्या होत्या.

शाळेने मुलीला कोंडले ही वडिलांची तक्रार खरी नाही. कोणी कोंडलेले नाही. काल मोठ्या सिस्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून सांगितले की, मुलगी खोडकर आहे, स्वतःहून लपली होती, एवढेच सांगा, झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय माझ्या अर्जाची आठवण करून दिली. मुलगी लपली असे ठरले, तर तिचे नाव शाळेतून कमी होणार आहे. ती लपली नव्हती. ती पडली होती, आणि तिला आम्ही जे सांगितले तेच ती करत होती. याचा मला फार त्रास होतो आहे.

आज सकाळी इस्पितळात गेले होते. पायात सळी घातली आहे. मी तासभर बसले. तिने मानेनेच हो-नाही केले. माझ्या गुडघ्याबद्दल काही विचारले नाही.

याहून जास्त मला माहीत नाही. जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त शेवटी एक ओळ वाढवून घ्यावी, असे मी सांगितल्यावरून ती घेतली: मुलींना पास-नापास करायचा अधिकार निवृत्तीपर्यंत माझ्याकडेही आहे, आणि सदर मुलगी पास आहे. खाली सही केली.