गुडघ्याचं निमित्त

(महिला संघटनेची खोली, दुपार. बायकांच्या मय्यतीला आंघोळ घालण्याचं काम संघटनेकडे असतं. शिंपीण ते उरकून नुकतीच परतली आहे; संघटनेच्या प्रमुख आपा खुर्चीत.)

शिंपीण : कफनाचे पाचही कपडे नीट बसले, आपा. मास्तरीणबाई वाळून अगदी काडी झाल्या होत्या.

आपा : उजव्या बाजूनं सुरुवात केलीस ना?

शिंपीण : तुम्ही शिकवलं तसंच. पण तुमच्याशिवाय पहिलीच वेळ. गुडघा कसा आहे?

आपा : आहे तसाच. घरचे काय म्हणाले?

शिंपीण : त्यांची बहीण म्हणत होती, तुम्ही दोघींनी मिळून संघटना काढली आणि आठ वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. कशावरून बिनसलं, विचारलं मला. मी म्हटलं, मला काय ठाऊक.

आपा : ठाऊक आहे तुला. सगळ्या गल्लीला आहे. नवऱ्याचा मार खाऊन ती पोरगी इथे आली, तेव्हा मास्तरीण म्हणाली, वकील गाठू. मी म्हटलं, आपण घरं जोडायला बसलोय, मोडायला नाही. नवऱ्याला बोलावून चार शब्द सुनावले, त्यानं मान डोलावली, आणि मीच तिला सासरी पोचवून आले.

शिंपीण : महिन्याभरात हात मोडून परत आली.

आपा : मास्तरीण अवाक्षर बोलली नाही. नुसती बघत राहिली. तेच झोंबलं मला. बोलली असती, तर भांडून मोकळी तरी झाले असते.

शिंपीण : ती पोरगी आज होती तिथे. मास्तरीणबाईंचं डोकं तिनंच धरलं होतं.

आपा : माझ्याबद्दल काही म्हणाली?

शिंपीण : गुडघ्याला तेल चोळा म्हणाली. आपा, एक सांगू? मास्तरीणबाई बहिणीला बजावून गेल्या होत्या, ‘मला न्हाऊ घालायला तिलाच बोलव. राग नाकावर आहे तिच्या, पण हात मऊ आहे.’

आपा : मग सकाळी फोनवर का नाही सांगितलं बहिणीनं?

शिंपीण : सांगणारच होती. तुम्ही गुडघ्याचं म्हणालात आणि फोन ठेवलात.

आपा : गुडघा दुखत नव्हता गं. अल्लाला ठाऊक आहे.

शिंपीण : आम्हालाही होतं, आपा. म्हणूनच वाट पाहिली. पाणी दोनदा तापवलं.