काकाचा भोंगा

भोंग्याचा विषय निघालाच हाय तर आमच्या सुधाकरकाकाचं ऐका. पोरीचं लग्न होतं, वर्धा रोडवर लॉन घेतलेलं. मी म्हटलं, स्पीकरचे डब्बे लावू. काका भडकले, "डब्ब्यानं नुसती छाती धडधडते गा! बोलणं ऐकू याले भोंगाच पाहिजे!"

भोंगा बांधला माइकच्या समोरच. काकानं 'हॅलो' म्हणताच असा किंचाळला का नवरदेवाची आजी खुर्चीतून उठली. माइकचा आवाज भोंग्यातून निघून परत माइकमध्येच शिरून राहिला होता. मग काका स्वतः स्टुलावर चढले आन् भोंग्याचं तोंड लॉनच्या भिंतीपलीकडं फिरवलं. किंचाळणं बंद. पण भोंगा टॉर्चसारखा असते, जिकडे तोंड तिकडेच आवाज. मागच्यायले नुसती कुजबुज.

दुपारी काका माइकवर गरजले, "पंगत बसली हाय, सगळ्यायनं जेवाले चला!" लोक आलेही भराभरा. नवरदेवाकडचे समजून काकानं स्वतः बुंदी वाढली. "घ्या ना, लाजता काहून?"

दुसरी पंगत अर्ध्यात असताना व्याही आले, तोंड वाकडं करून.

"काहून हो, आमच्या माणसायले उपाशीच ठेवता का? कोणी बोलवूनच नाही राहिलं!"

काका पेटले. "घसा फाडून बोलावलं माइकवर! तुमच्या कानात बोळे हायेत का?"

पंगतीतल्या एका अनोळखी म्हाताऱ्यानं बुंदीचा हात वर केला.

"आम्हाले तर भिंतीपलीकडं एकदम साफ ऐकू आलं बा. आमच्या लग्नातला स्वयंपाक अजून व्हाचाच हाय."