खुराक कुणाला?

तालमीतली भाषा मी कशी शिकले ते सांगते, हसू नका. आमच्या कुंडलच्या तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नसतं. पण माझ्या दिराला, शंकरला, मिलिटरीत भरती व्हायचं होतं, म्हणून रोज सकाळी दुधाचा तांब्या घेऊन मी दाराबाहेर उभी राहायची. आतलं सगळं ऐकू यायचं. जोर मारले की छाती भरते, बैठकांनी मांड्या. व्यायामाला मेहनत म्हणायचं आणि दूध-तुपाला खुराक.

एकदा आत वस्ताद कुणावर तरी ओरडले, "मेहनत एवढी आन् खुराक न्हाई? मेहनत अंगाला खाईल! चक्कर येऊन पडशील गड्या!"

आदल्याच दिवशी माझी लेक शांता विहिरीवर चक्कर येऊन पडली होती, आणि मी तिला म्हटलं होतं, "सोंगं करू नगंस." शाळेला जायच्या आधी वीस घागरी पाणी तीच ओढायची. म्हशीचं दूध मात्र सगळं शंकरला.

मी तशीच माघारी फिरले. तांब्या पोरीपुढं ठेवला. "पी."

"आई, काकाचं हाय ते."

"पी म्हणते न्हवं!"

शंकर तणतणत घरी आला. "वैनी, माझा खुराक कुठाय?"

मी विहिरीचा दोर त्याच्या पुढ्यात टाकला. "उद्या वीस घागरी वढ, मग माग."

ओढल्या त्यानं. मग घामाघूम होऊन पायरीवर बसला, दुधाचा तांब्या हातात घेतला आणि शांताला म्हणाला, "आधी तू घे गं."