टोकाचं टोपण

वडील : बघ तरी मीटर. किती दाखवतोय?

मुलगी : बाबा, आधी स्टुलावरून उतरा.

वडील : माझा चष्मा खाली टेबलावर राहिलाय, म्हणून तुला सांगतोय. टोकाचं टोपण काढलं, मीटर लावला. पलीकडच्या टोपणाचे पन्नास ओहम दाखवले, तर पार त्या टोकापर्यंत तार शाबूत. वीस वर्षांपूर्वी टाकलीय मी!

मुलगी : आणि उद्या आपणच कापणार आहोत. मग आज तिची नाडी कशाला बघायची?

वडील : काढायची म्हणून काय झालं? धडधाकट होती असं म्हणून काढू.

ग्रंथपाल : काका, चालतंय तर काढताय कशाला? मला तर सहाही कॉम्प्युटर नीट दिसतात.

मुलगी : ताई, एकच तार सगळ्यांच्या मागून गेलीय. कुठंतरी उंदरानं कुरतडली की सहाही बंद. मग बाबा कपाटांमागं रांगत फिरणार, कुठं तुटली ते शोधत.

वडील : रांगलोय की. पण एका गुंडाळीत अख्खं वाचनालय झालं, ते सांग ना त्यांना.

ग्रंथपाल : आणि तुझं नवीन काय?

मुलगी : मध्ये एक पेटी, स्विच म्हणतात त्याला. प्रत्येक कॉम्प्युटरची आपली वेगळी तार त्या पेटीपर्यंत. एक तुटली तर एकच बंद, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

वडील : आणि पेटीच गेली तर?

मुलगी : बदलायची. दहा मिनिटांचं काम.

वडील : दहा मिनिटं सगळे मुके.

ग्रंथपाल : गोल पण टाकतात म्हणे?

वडील : टाकलंय मी एका कचेरीत. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे निरोप द्यायचा, हातोहात. धक्काबुक्की नाही, गोंधळ नाही. पण एक कारकून मशीन बंद करून जेवायला गेला की अख्खी कचेरी जेवायला!

ग्रंथपाल : मग जोडून टाका प्रत्येकाला प्रत्येकाशी.

मुलगी : सहांना पंधरा तारा. सातवा आला की आणखी सहा. चार तुटल्या तरी निरोप पोचतो, हे मात्र खरं.

ग्रंथपाल : आणि पुस्तकं काय त्या तारांवर वाळत घालू?

वडील : बाई, तुम्ही बोलता छान. अगं, एवढा आकडा वाच ना.

मुलगी : असेल हो पन्नास. उतरा. हात का चोळताय?

वडील : भरून आलाय. वर धरून धरून.

मुलगी : चला मग घरी. ताई पण बंदच करतायत.

वडील : टोपण लावायचं राहिलं.

मुलगी : राहू द्या हो, बाबा. उद्या कापायचीच आहे.

(सोळा दिवसांनंतर. तीच खोली, सकाळ.)

ग्रंथपाल : ये. आधी बस. आई कशी आहे?

मुलगी : आहे. सकाळी बाबांचा डबा भरते, मग लक्षात येतं, मग माझ्या हातात देते.

ग्रंथपाल : खाऊन टाकत जा बाई. परत नेऊ नकोस.

मुलगी : खाते. दोघांचे डबे खाते. पेटी आणलीय, ताई. आज उरकून टाकू.

ग्रंथपाल : तुला एक सांगू की नको, कळत नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं चालू केलं, तर सहाही गप्प. तेव्हापासून मी कार्डांवर हातानं लिहितेय.

मुलगी : मला फोन का नाही केलात?

ग्रंथपाल : आदल्या संध्याकाळी काका गेले, आणि मी सकाळी फोन करून सांगू की कॉम्प्युटर चालत नाहीत?

मुलगी : वाचनालयाच्या समितीला कळलं?

ग्रंथपाल : कळलं. म्हणाले, तार आतून कुजली होती, म्हाताऱ्यानं लपवलं. मी म्हटलं, काका तसे नव्हते. पण मला यातलं काय कळतं?

मुलगी : कुजली होती, म्हणाले?

ग्रंथपाल : जाऊ दे. नाहीतरी कापायचीच आहे. पक्कड देऊ?

मुलगी : स्टूल द्या.

ग्रंथपाल : सांभाळून. एक पाय डुगडुगतो त्याचा.

मुलगी : ताई, इथं टोपण नाहीये.

ग्रंथपाल : नसलं तर काय होतं?

मुलगी : या तारेच्या दोन्ही टोकांना लागतं. बोललेलं टोकाशी जाऊन तिथंच शांत व्हायला हवं. टोपण नसलं की ते उलटं फिरतं आणि मागून येणाऱ्यावर आदळतं. मग कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही.

ग्रंथपाल : मग गेलं कुठं?

मुलगी : माझ्या पर्समध्ये आहे. दवाखान्यात त्यांचा शर्ट दिला, त्याच्या खिशात होतं. मला वाटलं, जास्तीचं असेल. त्यांच्या खिशात काही ना काही असायचंच.

ग्रंथपाल : म्हणजे काकाच लावायचं विसरले.

मुलगी : नाही. ते म्हणाले होते, राहिलं म्हणून. मीच म्हटलं, राहू द्या. तुम्ही होतात की इथं.

ग्रंथपाल : होते. किल्ल्या शोधत होते.

मुलगी : समितीला सांगा, टोपण माझ्यामुळं राहिलं. नाहीतर नकोच, मीच लिहून देते.

ग्रंथपाल : दे. मी वाचून दाखवेन सगळ्यांना. म्हणजे आता कापायची नाही?

मुलगी : कापायची. पेटीचंच बरं आहे. पण आज संध्याकाळपर्यंत हीच चालू दे.

ग्रंथपाल : मग लाव ना ते टोपण.

मुलगी : थांबा. आधी तो मीटर द्या वर. काळा, त्यांचा.

ग्रंथपाल : हा घे. अगं, डोळे पूस आधी. आकडा दिसेल का तुला असा?

मुलगी : दिसतोय.

ग्रंथपाल : किती आहे?

मुलगी : पन्नास. पन्नास आहे, बाबा. तार चांगली आहे.